आत्या मागे उभी राहिली की

माझ्या आत्याला वजनकाटा कधीच आवडला नाही. "लेकरं काय भोपळे आहेत, टांगून बघायला?" असं ती दर महिन्याला एकदा म्हणणार, आणि म्हणून झालं की बाह्या वर सारून पहिलं लेकरू स्वतःच झोळीत घालणार. नावडतं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं तिला जमत नाही. त्यामुळे आयुष्यभर तिच्या वाट्याला नावडतीच कामं आली आणि ती तिनं आवडीची असल्यासारखी केली. याचं मला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. बहुतेक वेळा रागच येतो.

आमचं पाळणाघर भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. त्या जागेत पूर्वी बर्फ साठवायचे. भिंती हातभर जाड, खिडक्या नंतर फोडलेल्या, आणि छताला मधोमध बर्फाच्या लाद्या उचलायचा भला थोरला लोखंडी हूक. बर्फाचा धंदा बंद पडला, हूक राहिला. बाहेर रस्ता तापलेला असला तरी आत गारवा असतो, म्हणून दुपारी मुलं छान झोपतात आणि सकाळी स्वेटर काढायला नको म्हणतात. बाजारात माल उतरवणाऱ्यांची, झाडूवाल्यांची, दुकानांत दिवसभर उभं राहून नोकरी करणाऱ्या बायांची मुलं आमच्याकडे असतात, दोन ते पाच वर्षांची. मी त्यांची ताई, म्हणजे शिक्षिका. आत्या स्वयंपाक करते, भरवते, धुते, पुसते, आणि तिच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे पाळणाघर चालवते. नात्यानं ती माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. पण मुलं, त्यांच्या आया, भाजीवाले, महिन्याला येणारी नर्सबाईसुद्धा, सगळे तिला आत्याच म्हणतात. माझी एकटीची अशी ती फारशी उरलेली नाही.

तिची आई, म्हणजे माझी आजी, लवकर गेली. मागे तीन भाऊ, सगळे हिच्याहून लहान, आणि शेंडेफळ असलेले माझे वडील तर अजून रांगत होते. आत्या तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जाणारी मुलगी. वेण्या गेल्या, शाळाही गेली. पुढे ती सूतगिरणीत लागली आणि गिरणीला टाळं लागल्यावर इथं आली. मधल्या काळात लग्नाचं विचारायला दोन-तीन जण येऊन गेले होते. "मी गेले असते तर या तिघांना भरवलं कोणी असतं?" असं ती म्हणते. तिघे मोठे होईपर्यंत विचारणारे थांबले होते. हे सांगताना ती उसासे टाकत नाही. "सुटले बाई," असंच म्हणते. तिला सल आहे तो वेगळाच. "इतकं खाऊ घातलं, पण तिघांतला एकही गोल झाला नाही!" माझ्या वडिलांनी साठी ओलांडली, तरी ती घरी आली की चपला काढायच्या आधी त्यांच्या ताटात डोकावते.

भरवण्याची तिची स्वतःची रीत आहे. "हा घास दाराचा, हा खिडकीचा, हा घसरगुंडीचा," असं करत ती सगळ्या खोलीला जेवू घालते. मुलाला वाटतं, आपण कुठे खातोय, खोली खातेय. एखादं फारच अडून बसलं तर छतापर्यंत जावं लागतं. हुकाचा घास शेवटचा. तो घेतला की सुटका. मी मुलांना रंग शिकवते, अंक शिकवते, पण खोलीतल्या वस्तूंची नावं ती माझ्याकडून शिकलेली नाहीत. ती त्यांना तोंड उघडता उघडताच येतात. आत्या स्वतः कधी जेवते, ते मात्र माझ्या कधी दृष्टीस पडलं नव्हतं. विचारलं की "माझं झालं" म्हणायची आणि पातेलं घासायला घ्यायची.

वजनाच्या दिवशी काटा त्याच हुकाला दोरीनं अडकवायचा. वर गोल तबकडी, खाली कापडी झोळी, झोळीला पाय घालायला दोन भोकं. मूल आत बसलं की त्याचे पाय अधांतरी लोंबकळतात. काही मुलांना यात झोपाळ्याची मजा वाटते. काही मात्र बेंबीच्या देठापासून रडतात, पाय झाडतात, आणि तबकडीवरचा काटा असा नाचतो की वाचणाऱ्यानं वाचायचं काय? वजन करताना अंगावर कपडे कमीत कमी ठेवायचे असतात आणि आमची खोली गार. म्हणून आत्या मुलाच्या मागे शाल पसरून उभी राहायची, पडद्यासारखी. शाल मुलाला टेकू द्यायची नाही, यावर तिचा कटाक्ष. "शालीचं वजन यायला नको," हे तीच मला बजावायची. आणि गंमत अशी, की आत्या मागे उभी राहिली की मूल कितीही रडो, काटा लगेच स्थिर व्हायचा. मी पुढून वजन वाचायची, नर्सबाई तक्त्यावर टिंब द्यायची. हिरव्या पट्ट्यात टिंब पडलं तर मूल नीट वाढतंय, पिवळ्यात पडलं तर लक्ष द्यायचं, लाल म्हणजे थेट मोठ्या दवाखान्यात. "आत्या, तुमच्या हाताला गुण आहे हो," नर्सबाई म्हणायची. आम्ही सगळेच तसं म्हणायचो, आणि आत्या वरवर नाक मुरडून खूश व्हायची.

लिंबू आमच्याकडे आली तेव्हा तिचं टिंब हिरव्यात होतं. लिंबू हे तिचं खरं नाव नव्हे. मोठी मुलं तिला खेळात लिंबूटिंबू म्हणून घ्यायची, त्यातलं लिंबू तेवढं तिला चिकटलं. तिची आई लांबच्या शहरात एका हॉस्पिटलात कामाला आहे. राहायची सोय तिथंच, पण मूल जवळ ठेवायला परवानगी नाही. बाप कधीचाच वेगळा झालेला. म्हणून लिंबू आईच्या वडिलांकडे राहते. त्यांचं रद्दीचं दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एकच खोली. अर्ध्या खोलीत छतापर्यंत वर्तमानपत्रं, उरलेल्या अर्ध्यात एक खाट, एक शेगडी, आजोबा आणि नात. सगळे त्यांना रद्दीआजोबा म्हणतात. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. लिंबू आल्यापासून त्यांना स्वतःला एक शब्द बोलायला सवड मिळत नव्हती, आणि याची तक्रार ते ज्याला त्याला मोठ्या आनंदानं सांगायचे.

ती रुळली, बोलायला लागली, आणि तिचं टिंब घसरायला लागलं. हिरव्यातून पिवळ्यात, मग पिवळ्यातही खाली खाली. झोळी पाहिली की ती आधी नुसती मुसमुसायची, नंतर नंतर तर हुकाखाली न्यायच्या आधीच भोकाड पसरू लागली. एरवी मुलगी हुंदडायची, गालही भरलेले दिसायचे. नर्सबाईनं दंडाला पट्टी लावून बघितली, ती ठीक आली. "पण घसरण आधी वजनात दिसते, दंड मागाहून बारीक होतो," ती म्हणाली. "वाट बघत बसायचं नाही." रक्त तपासून झालं, जंताचं औषध देऊन झालं. लिंबूला रोज एक जास्तीचं अंडं सुरू झालं. तरी पुढच्या महिन्यात टिंब आणखी खाली.

मग आत्यानं आपला मोर्चा रद्दीआजोबांकडे वळवला.

"सकाळी काय दिलंत?"

"दूध, पाव आणि केळं."

"अख्खं केळं?"

"अख्खं."

"तुमच्या डोळ्यांदेखत खाल्लं? की तुम्ही इकडे गिऱ्हाईक करत बसलात आणि केळं गेलं मांजराच्या पोटात?"

"अहो आत्याबाई, माझ्याकडे मांजर नाही."

"मग उंदीर असतील. एवढ्या कागदांत उंदीर नाहीत, असं सांगू नका मला."

रोज सकाळी दारात, सगळ्या आयांसमोर, ही उलटतपासणी. एकदा तर ती म्हणाली, "रद्दीच खायला घालता की काय लेकराला?" ती गमतीनं म्हणाली नव्हती, पण आया हसल्या. आजोबांनी लिंबूचा हात माझ्या हातात दिला आणि दुकानाकडे वळले. त्या दिवसापासून ते दुपारी दुकान बंद करून नातीला भरवायला येऊ लागले. खिशात शेंगदाणे, डब्यात लोणी, रुमालात खजूर. त्यांचा स्वतःचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता, कारण घरात येईल ते सगळं लिंबूच्या पुढ्यात जात होतं.

"किती छळशील त्या माणसाला?" मी एकदा आत्याला विचारलं.

"छळते तर छळते. पोर हातची गेली म्हणजे?" ती माझ्यावरच खेकसली. मग जरा वेळानं, तांदूळ निवडता निवडता, आपणहून म्हणाली, "तुझा बाप असाच होता. उचलला तर हाताला काही लागायचंच नाही. लोक तोंडावर म्हणायचे, हे पोर काही राहायचं नाही. मी खाली हात धरूनच त्याला फिरवायची. वाटायचं, हात काढला तर नाहीसाच होईल."

माझे वडील चांगले टुणटुणीत आहेत, हे तिला सांगून काही उपयोग नसतो.

लिंबूची आई आठवड्यातून एकदा फोन करायची. आजोबा फोन घेऊन आमच्याकडे यायचे, म्हणजे तिला लेक खेळताना दिसावी. पिवळ्याचं कळल्यावर ती बिचारी हबकली. इतक्या लांबून तिला दिसणार तरी काय, त्या टिंबाशिवाय? एका फोनवर तिनं स्पष्टच सांगितलं. "बाबा, तुम्हाला झेपत नाहीये. मी दोष देत नाही. पण आता लाल आलं तर मी येऊन तिला घेऊन जाते. इथं एक निवासी पाळणाघर आहे, तिथं ठेवते. आठवड्यातून एकदा तरी भेटेन."

आजोबांनी फोन खिशात ठेवला. "चुकत नाही तिचं," ते मला म्हणाले. "लेक आहे तिची." मग घसरगुंडीवरून उलटी येणाऱ्या लिंबूकडे बघत म्हणाले, "पण तिकडे हिला झोपवताना पाठ कोण खाजवणार? त्याशिवाय झोपत नाही ती." मला रडू आवरेना. मी आत जाऊन उगाच खडू मोजत बसले.

पुढच्या वजनाच्या दिवशी आजोबा सगळ्यांच्या आधी हजर. धुतलेला सदरा, कडेवर लिंबू. नर्सबाई काटा अडकवत होती, दारात चार आया उभ्या होत्या. आजोबांनी घसा खाकरला.

"ताई, एक सांगायचं होतं. काल मी हिला दुकानातल्या काट्यावर उभं केलं. अकरा किलो भरली."

मागच्या महिन्यात आमच्याकडे ती दहाच्याही आत होती. मी काही म्हणायच्या आधीच आत्या स्वयंपाकघरातून गरजली. "तुमच्या काट्यावर? रद्दीवाल्याच्या काट्यावर? माझ्या घरची वर्षभराची वर्तमानपत्रं तुमच्या काट्यावर किलोभर साखरेएवढी भरली होती, विसरले नाही मी!"

आया खो खो हसल्या. आजोबांचे कान लाल झाले. पण आज ते हटले नाहीत.

"तेच सांगतोय," ते म्हणाले. "माझा काटा जरा हात राखून आहे. अर्धा किलो कमी दाखवतो. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, मीच कधी कबूल केलं नव्हतं. आज करतो. मी माल विकत घेणारा माणूस. माझा काटा कमी दाखवेल, जास्त कशाला दाखवेल?"

हसणं थांबलं. नर्सबाईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "खरंच की," ती म्हणाली. "म्हणजे अकराच्या खाली ती नाहीच."

तिनं आत्याकडून तांदळाची पाच किलोची न फोडलेली पिशवी मागवली आणि झोळीत ठेवली. काटा बरोबर पाचावर जाऊन थांबला. आमच्या काट्यात काही खोट नव्हती. मला क्षणभर आशा वाटली होती, ती विझली.

"काटा बरोबर आहे, आजोबा," नर्सबाई हळूच म्हणाली.

"मग माझाच बिघडला असेल," असं म्हणून आजोबा मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे पार छातीशी आले त्यांचे.

लिंबूची पाळी आली. झोळी बघताच तिनं सूर लावला. मी तिला आत बसवलं, पाय भोकांतून काढले, आणि तबकडीसमोर जाऊन उभी राहिले. मागे आत्यानं शाल धरली. "मी आहे हं, मी आहे," तिचं नेहमीचं पुटपुटणं सुरू झालं. काटा दोन-चार हेलकावे घेऊन स्थिर झाला. मी वाचलं.

"किती?" नर्सबाईनं विचारलं.

"नऊ किलो चारशे."

लाल. नर्सबाईला तक्ता बघायचीही गरज नव्हती. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"अगं बाई गं!" आत्या ओरडली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. शाल खाली पडली. माझी नजर अजून तबकडीवरच होती, म्हणून मला दिसलं. काटा निघाला. नऊवरून दहा, दहावरून अकरा, अकराच्याही पुढे जाऊन पाय झाडणाऱ्या लिंबूबरोबर वेडावाकडा डुलायला लागला. आधी मला वाटलं, दोरी सुटली. मी झोळी धरायला धावले. दोरी जागच्या जागी होती.

नर्सबाईनंही ते पाहिलं होतं. "आत्या," ती म्हणाली, "तुमचा हात कुठे होता?"

"कुठे म्हणजे? खाली. शालीआडून, तिच्या बुडाखाली. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा?"

"मग? लेकरू अधांतरी लोंबकळतं, घाबरतं. खाली हात लागला की त्याला वाटतं, कोणीतरी आहे. मी काही उचलून धरत नव्हते गं. नुसता आधार." आत्या एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "सगळ्यांना नाही हो. रडतात त्यांनाच."

"आधार दिलात तेवढं वजन तुमच्या हातावर आलं, आत्या. काट्याला उरलेलंच दिसलं."

आत्यानं हात तोंडावरून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. लिंबू जितकी जास्त रडेल तितका हा हात घट्ट लागत गेला होता, आणि तितकं टिंब खाली. काटा स्थिर व्हायचा तो त्यामुळेच. आम्ही त्यालाच हाताचा गुण म्हणत होतो.

आता कोणी लिंबूला हात लावला नाही. ती रडून रडून दमेपर्यंत आम्ही थांबलो. एका क्षणी ती हुंदका घ्यायला थांबली आणि काटाही थांबला. अकरा किलो चारशे. नर्सबाईनं टिंब दिलं आणि तक्ता आजोबांच्या पुढे धरला.

"हिरव्यात?" आजोबांनी विचारलं.

"हिरव्यात."

"नक्की?"

"नक्की, आजोबा. काठावर आहे, पण हिरव्यात आहे."

माझा जीव भांड्यात पडला. आजोबांनी लिंबूला झोळीतून काढून छातीशी धरलं, आणि ते दोघं मिळून रडले, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं. मग आजोबांना एकदम सुचलं. "अर्धा किलो कमी दाखवतो म्हणालो होतो ना? जवळजवळ तेवढाच!" दारातल्या आया पुन्हा हसल्या, या वेळी डोळे पुसत. त्यांनी तिथल्या तिथं लेकीला फोन लावला. पलीकडून नुसते हुंदके आले. "असू दे गं," आजोबा म्हणत होते. "तू काय करणार, लांबून? इथं राहते ती. इथंच राहते."

त्या दिवशी रडणाऱ्या सगळ्या मुलांची वजनं आम्ही पुन्हा केली. मी आधीचा तक्ता काढून बघितला तर खुदुखुदु हसणारी बहुतेक हिरव्यात आणि रडकी झाडून सगळी पिवळ्यात. महिनोन् महिने ते माझ्यासमोर भिंतीवर टांगलेलं होतं. सगळीच मुलं एका दुपारीत हिरवी झाली, असं मात्र नाही. कधीच न रडणारी दोन शांत पोरं खरोखरच बारीक होती आणि पिवळ्यातच राहिली. लिंबूचं जास्तीचं अंडं त्यांच्यात वाटायचं ठरलं. निदान आता अंडं योग्य पोटात जाईल, म्हणून मला हायसं वाटलं.

आत्या कुठे दिसेना. ती स्वयंपाकघरात पालथ्या बादलीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"रद्दी खायला घालता का म्हणाले मी त्या माणसाला," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत."

"मुद्दाम केलंस का तू?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान मला ठाऊक तरी असतं." तिनं नाक ओढलं. "त्याची पोर गेली असती गं. माझ्या या हातामुळे."

तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी बाजूला उकिडवी बसले आणि तोच हात हातात घेऊन ठेवला. तो सोडवून घेऊन ती उठली, तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि तरातरा गल्लीच्या तोंडाशी चालू लागली. मी मागोमाग.

आजोबा गठ्ठे बांधत होते. आत्या उंबऱ्यातच थांबली. "चुकलं माझं," ती म्हणाली. एवढंच. तिच्या तोंडून हे दोन शब्द माझ्या वडिलांनीही कधी ऐकले नसतील.

आजोबांनी गठ्ठ्यावरची धूळ झटकून तिला बसायला जागा केली. "आत्याबाई, रोज दारात विचारत होतात म्हणून तरी मी तिला अख्खं केळं देत होतो. आधी अर्धं मीच खायचो." आत्यानं त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेच ना.

पुढच्या महिन्याचा प्रश्न नर्सबाईनं सोपा करून टाकला. जी मुलं झोळीला घाबरतात त्यांना मोठ्या माणसानं कडेवर घेऊन जमिनीवरच्या काट्यावर उभं राहायचं, मग मूल खाली ठेवून एकट्यानं उभं राहायचं, आणि वजा करायचं. जमिनीवरचा काटा कोणाकडे? अर्थात रद्दीआजोबांकडे. त्यांनी तो आधी कारागिराकडून नीट करून आणला. तेव्हापासून गल्लीत सगळे म्हणतात, लिंबूनं रद्दी जड केली.

वजनाच्या दिवशी आजोबांनी काटा स्वतः हातगाडीवर घालून आणला. आत्या लिंबूला कडेवर घेऊन त्यावर चढली. लिंबूनं आत्याचा कान धरला होता. रडण्याचं नावही नाही. मी वाचलं, लिहिलं, लिंबूला घेतलं.

"आता तुम्ही एकट्या," नर्सबाई म्हणाली.

"माझं कशाला?"

"वजा कशातून करू मग?"

आत्या कुरकुरत उभी राहिली. काटा थांबला. मी वाचलं, मग वाकून पुन्हा वाचलं. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत आत्या म्हणजे दारात मावणार नाही अशी बाई. तिच्या आवाजामुळे असेल, किंवा त्या ढगळ कपड्यांमुळे.

"अडतीस," मी म्हणाले.

नर्सबाईनं वजाबाकी केली. लिंबू वाढली होती, हिरव्यात चांगली आत सरकली होती. पण तक्त्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे आत्याकडे बघत होते, आणि आत्या छताकडे.

आजोबा काट्याच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली.

"आत्याबाई," ते म्हणाले, "सकाळी काय खाल्लंत?"

आत्यानं तोंड उघडलं, मिटलं. "चहा."

"नुसता?"

"चहा आणि बिस्किट."

"अख्खं?"

दारातल्या आयांत हशा उसळला. आत्यानं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी कसली मदत करतेय! माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला हसूही येत होतं, आणि मी तिला काट्यावरून उतरूच दिलं नाही.

आता दुपारी मुलांच्या पंगतीच्या टोकाला आत्याचं ताट असतं. पातेलं मी घासते. लिंबू तिच्या शेजारी बसते, आपलं संपवते आणि मग आत्याच्या ताटाकडे वळते. दाराचा घास होतो, खिडकीचा होतो, घसरगुंडीचा होतो. "पुरे गं," आत्या म्हणते.

"हुकाचा राहिला," लिंबू म्हणते. आत्या तोंड उघडते.